गुन्हा दाखल झाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका वकील ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या तायांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवता यावं म्हणून, बोललं गेलं तसंच इथे छापत आहोत.)



आधी एक प्रश्न विचारते. पोलीस ठाण्याची पायरी कधी चढलेल्या आहेत अशा कितीजणी आहात? हात वर करा. दोन, तीन, चार... आणि मागे एक अर्धा हात दिसतोय! घाबरू नका, मी पोलीस नाही. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, आणि माझी आईही तुमच्यासारखीच गटात होती. त्यामुळे इतिवृत्ताची वही, पासबुक आणि "अगं, तुझा हप्ता राहिलाय" ही भांडणं मी लहानपणापासून बघत आलेय.

आज मी तुम्हाला एका ताईची गोष्ट सांगणार आहे. नाव, गाव सांगणार नाही. ती एका गटाची सचिव होती, बारावी शिकलेली, हिशेबाला चोख. एके दिवशी गटातून बाहेर पडलेल्या एका बाईनं पोलिसांत तक्रार दिली, की सचिवानं गटाच्या खात्यातून ४८ हजार रुपये काढले आणि खाल्ले. बचत खात्याच्या पासबुकात ४८ हजार रोख काढल्याची नोंद खरोखरच होती. संध्याकाळी सचिव ताईला फोन आला, "ठाण्यात या, तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय."

ती रात्रभर झोपली नाही. सकाळी गावातलाच एक ओळखीचा माणूस घरी आला. म्हणाला, "साहेब माझ्या ओळखीचे आहेत. वीस हजार द्या, नाव काढून टाकतो." घरात वीस हजार नव्हते. तिनं मंगळसूत्र गहाण ठेवलं आणि पैसे दिले. त्यानंतर चार दिवसांनी ती माझ्याकडे आली, आणि मला पहिलं वाक्य काय म्हणाली माहीत आहे? "वकील ताई, मला किती वर्षांची शिक्षा होईल?"

अजून एक कागद तिच्या हातात आला नव्हता. एकाही पोलिसानं तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. आणि तिनं मनातल्या मनात स्वतःला शिक्षा देऊनही टाकली होती. म्हणून आज मला एवढंच सांगायचंय, की तक्रार आणि शिक्षा यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर बाईला काही ना काही हक्क आहे. पायऱ्या माहीत असल्या की पाय घसरत नाही.

पहिली पायरी : तक्रार

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात नवे फौजदारी कायदे लागू झालेत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि पोलिसांनी तपास कसा करायचा, अटक कशी करायची हे सांगणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. पण आज मी जे हक्क सांगणार आहे ते बहुतेक आधीपासूनचेच आहेत.

पोलिसांकडे तक्रार गेली की ती दोन प्रकारांत पडते. साधी मारहाण, शिवीगाळ अशा गोष्टी बहुतेक वेळा अदखलपात्र असतात. त्याची एनसी होते. एनसीमध्ये कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, आणि वॉरंटाशिवाय अटकही करता येत नाही. चोरी, फसवणूक, विश्वासघात हे बहुतेक वेळा दखलपात्र गुन्हे. त्यात एफआयआर होतो, ज्याला आपण 'गुन्हा दाखल झाला' म्हणतो.

म्हणून कुणी म्हटलं "तुझ्यावर केस झाली", तर रडण्याआधी विचारा : एनसी आहे का एफआयआर? गुन्हा रजिस्टर नंबर काय? कलमं कोणती? तक्रार देणारीला एफआयआरची प्रत फुकट मिळते. जिच्यावर आरोप आहे तिलाही प्रत मागता येते. महिलांवरचे अत्याचार किंवा तसे नाजूक गुन्हे सोडले, तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावरही टाकायचा असतो. त्या वेबसाइटवरून आपल्या गटातली शिकलेली पोरगी मोबाइलवर तो काढू शकते.

आमच्या सचिव ताईचा एफआयआर आम्ही काढला. कलम ३१६, विश्वासघात. पाच वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितलेलं कलम. आकडा ऐकून ती खाली बसली. मी म्हटलं, "बाई, ही शिक्षा शाबीत झाल्यावरची. एफआयआर म्हणजे एका माणसानं सांगितलेली हकीगत. ती खरी आहे का, हे बघायला तर तपास असतो. आणि शाबीत करायची जबाबदारी सरकार पक्षाची असते, तुझी नाही."

दुसरी पायरी : बोलावणं

आता ठाण्यात बोलावलं तर काय करायचं? आधी विचारा, मला साक्षीदार म्हणून बोलावताय का आरोपी म्हणून?

साक्षीदार म्हणून बाईचा जबाब घ्यायचा असेल, तर तिला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. ती राहते तिथे येऊन पोलिसांनी विचारायचं, असा कायदा आहे. १५ वर्षांच्या आतला मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी माणूस यांनाही तेच लागू आहे. ही सवलत फक्त गरिबांसाठी किंवा श्रीमंतांसाठी नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ मध्ये पोलिसांनी ठाण्यात बोलावून लेखी प्रश्न दिले होते. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७८ साली न्यायालयानं निकालात सांगितलं, की बाईला असं ठाण्यात बोलावणं कायद्याला धरून नाही, आणि स्वतःला गुन्ह्यात अडकवणारं उत्तर द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. जो हक्क माजी मुख्यमंत्रीबाईंचा, तोच तुमचा आणि माझा.

आरोपी म्हणून बोलावलं असेल तर गोष्ट वेगळी. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार यांच्या प्रकरणात बजावलंय. अटकेची खरोखर गरज आहे का, हे पोलिसांनी कारणं लिहून दाखवायचं. गरज नसेल तर आधी लेखी नोटीस द्यायची. नव्या कायद्यात ही नोटीस कलम ३५ मध्ये आहे. नोटीस आली तर मात्र हजर राहायचंच. बोलावल्याप्रमाणे हजर राहिलं आणि सहकार्य केलं, तर सहसा अटक होत नाही. नोटीस टाळून माहेरी जाऊन बसलं, तर तेच अटकेचं कारण होतं. कितीतरी बाया भीतीपोटी इथेच चुकतात.

नुसता फोन आला तर नम्रपणे म्हणा, "साहेब, मी येते, मला लेखी नोटीस द्या." यात उद्धटपणा काहीच नाही. नोटीस मिळाली की तिच्यावर तारीख लिहा आणि झेरॉक्स काढून ठेवा.

तिसरी पायरी : विचारपूस आणि सही

ठाण्यात एकटीनं जाऊ नका. घरचं कुणी, गटातली कुणी, जमलं तर वकील बरोबर घ्या.

विचारलेल्या प्रश्नांना खरं तेच सांगा. आठवत नसेल तर "आठवत नाही, वही बघून सांगते" म्हणा. अंदाजपंचे आकडा सांगू नका. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेऊ नये, असं कायदाच सांगतो. काही कागदांवर सही लागते, जसं नोटीस मिळाल्याची, पंचनाम्याची, अटकेच्या पत्रकाची. तेव्हा आधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच नाही. गटाच्या चेकवर कोरी सही करू नका असं तुम्हाला दरवेळी सांगतात ना? इथेही तोच नियम.

पोलिसांसमोर दिलेली गुन्ह्याची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे "कबूल कर, मग सोडतो" असं कुणी म्हटलं तर गडबडून जाऊ नका. मॅजिस्ट्रेटसमोर दिलेला कबुलीजबाब मात्र चालतो. तो देण्याआधी वकिलाशी बोलल्याशिवाय राहू नका.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. तपास सुरू झाला की वहीतली पानं फाडू नका, मागच्या तारखेची नोंद घुसडू नका, तक्रारदाराच्या दारात जाऊन भांडू नका. चूक नसलेली बाईसुद्धा अशानं खरोखरीची आरोपी होते. वह्या पोलिसांनी मागितल्या तर द्यायच्या, पण देण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढायची आणि काय काय दिलं याची पोच घ्यायची.

चौथी पायरी : अटक झालीच तर

सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी कारण देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. अंगझडती बाईनंच घ्यायची, तीही अब्रू सांभाळून. अटकेचं कारण आपल्याला समजेल अशा भाषेत, लेखी मागा. तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला किंवा ओळखीच्या माणसाला अटकेची खबर द्यावी लागते. वकिलाला भेटता येतं. वैद्यकीय तपासणी होते. आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं.

हे नियम आकाशातून पडले नाहीत. मुंबईतल्या पोलीस कोठडीतल्या बायकांना मारहाण होते, हे शीला बारसे या पत्रकार बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून कळवलं. १९८३ मध्ये न्यायालयानं महाराष्ट्र सरकारला सांगितलं, की बायकांची कोठडी वेगळी असावी, तिथे महिला पोलीस असाव्यात, आणि बाईची चौकशी महिला पोलिसांच्या समोरच व्हावी. बघा, एका बाईच्या पत्रानं केवढं काम केलं!

मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं की ते विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" बऱ्याच बाया मान खाली घालून "नाही" म्हणतात. मारलं असेल, उपाशी ठेवलं असेल, तर तिथेच सांगायचं. ती जागा त्यासाठीच आहे.

पाचवी पायरी : जामीन

जामीनपात्र गुन्हा असेल तर जामीन हा हक्क आहे, तो ठाण्यातही मिळतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तो कोर्टाकडे मागावा लागतो. जामीन देताना आरोपी बाई आहे, ही गोष्ट कोर्ट विचारात घेऊ शकतं. अटकेची भीती असेल तर आधीच सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. आमच्या सचिव ताईसाठी आम्ही तोच अर्ज केला होता, आणि तो मंजूर झाला.

पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र दिलं नाही, तरी कोठडीतल्या माणसाला जामीन मागायचा हक्क मिळतो. मोठ्या गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवसांची, बाकीच्यांत ६० दिवसांची. हा हक्क आपोआप पदरात पडत नाही, अर्ज करावा लागतो. दिवस मोजायचं काम घरच्यांनी करायचं.

जामीनदार म्हणून ओळखीचा, खऱ्या कागदाचा माणूस घ्या. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे भेटतात. त्यांचे कागद खोटे निघाले, की एकाचे दोन गुन्हे होतात.

सहावी पायरी : तपास संपल्यावर

तपास संपला की पोलीस दोनपैकी एक करतात. पुरावा आहे असं वाटलं तर कोर्टात दोषारोपपत्र देतात. नाही वाटलं तर आपल्या महाराष्ट्रात समरी देतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपीचा छडा लागला नाही. बी समरी म्हणजे तक्रारच मुद्दाम खोटी. सी समरी म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार, किंवा प्रकरण दिवाणी स्वरूपाचं. समरी मान्य करायची का, हे कोर्ट ठरवतं आणि आधी तक्रारदाराचंही ऐकतं. तुम्ही स्वतः तक्रारदार असाल आणि समरीची नोटीस आली, तर ती कपाटात ठेवून देऊ नका. विरोध करायची ती वेळ असते.

दोषारोपपत्र आलं तरी खटला अजून सुरू झालेला नसतो. जबाब, पंचनामे, बँकेचे कागद या सगळ्याच्या प्रती आरोपीला फुकट मिळतात. त्या वाचून, यात काहीच पुरावा नाही असं दिसलं, तर दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. नव्या कायद्यात त्याला ६० दिवसांची मुदत आहे, म्हणून वकील लवकर गाठा. प्रकरणच मुळात खोटं किंवा कायद्यात न बसणारं असेल, तर ते रद्द करा म्हणून उच्च न्यायालयात जाता येतं. काही गुन्ह्यांत कोर्टाच्या परवानगीनं तडजोडही होते.

यातलं काहीच झालं नाही, तर कोर्ट दोषारोप वाचून दाखवतं आणि विचारतं, "गुन्हा कबूल आहे का?" इथे कुणीतरी कानात सांगतं, "कबूल म्हण, दंड भर, मोकळी हो." तायांनो, कबूल म्हटलं की तुमच्या नावावर शिक्षा लागते. उद्या अंगणवाडीची जागा निघाली, मदतनीस म्हणून अर्ज केला, तर ती शिक्षा आडवी येऊ शकते. गुन्हा केला नसेल तर एक चक्कर वाचवायला कबूल म्हणू नका.

वकिलाला पैसे कुठून आणायचे?

हा प्रश्न मला दर सभेत येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. पिवळं रेशनकार्ड असायची अट नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या इमारतीत तालुका विधी सेवा समिती बसते, जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा प्राधिकरण. फोन नंबर १५१०० लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर तिथे अर्ज लिहून घेतात. तक्रारदार बाई असो वा आरोपी, दोघींना ही मदत आहे.

जाता जाता अजून एक. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस दिसतो आणि म्हणतो, "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, पैसे पाठवा." अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. फोन ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा.

त्या ताईचं पुढे काय झालं?

आम्ही बँकेकडून गटाच्या दोन्ही खात्यांचे उतारे काढले. बचत खात्यातून ज्या दिवशी ४८ हजार निघाले, त्याच दिवशी तेवढेच कर्ज खात्यात भरलेले होते. कर्ज खात्याचं पासबुक दीड वर्ष छापूनच घेतलं नव्हतं, म्हणून कुणाला दिसलं नाही. इतिवृत्तात ठरावही होता, "कर्जाचा थकीत भरणा करणे", खाली सात जणींच्या सह्या. तक्रार करणाऱ्या बाईचीही सही त्यात होती. ती खोटारडी नव्हती बरं का. तिला फक्त एकच पासबुक कुणीतरी दाखवलं होतं. पोलिसांनी सी समरी दिली, कोर्टानं ती मान्य केली. या सगळ्याला अकरा महिने लागले.

मंगळसूत्र मात्र परत आलं नाही. "नाव काढतो" म्हणणाऱ्या माणसानं काहीच केलं नव्हतं, करूही शकत नव्हता. एफआयआरमधलं नाव असं कुणाच्या ओळखीनं निघत नसतं.

पण त्या ताईला जास्त कशानं लागलं, ते तिनं मला शेवटच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर सांगितलं. "वकील ताई, पोलीस दोनदाच आले घरी. पण संक्रांतीला एकीनंही हळदीकुंकवाला बोलावलं नाही. ज्या सात जणींनी ठरावावर सह्या केल्या, त्यातली एकही जबाब द्यायला आपणहून आली नाही. मी बोलावलं तेव्हा म्हणाल्या, आम्हाला नको बाई त्या भानगडीत."

आज मी तुमच्यासमोर उभी आहे ती या वाक्यासाठी. मी असं म्हणत नाही की गटातल्या प्रत्येकीवरचा आरोप खोटाच असतो. कधी पैसे खरोखर खाल्लेले असतात, आणि ज्यांचे गेले त्यांना न्याय मिळायला पाहिजे. पण कोण खरं ते कोर्टाला ठरवू द्या. तोवर आपल्या सखीला वाळीत टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला नाही. तुम्हाला जे माहीत आहे ते खरं खरं सांगायला पुढे या. तेवढं केलं तरी पुष्कळ झालं.

आता हे पाच मुद्दे गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

१. दोन्ही खात्यांची पासबुकं दर महिन्याला छापून बैठकीत सगळ्यांना दाखवायची.
२. पोलिसांचा फोन आला तर गुन्हा रजिस्टर नंबर आणि लेखी नोटीस मागायची. नोटीस आली की हजर राहायचं.
३. वाचल्याशिवाय सही नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच.
४. मध्यस्थाला एक रुपया द्यायचा नाही. १५१०० ला फोन करायचा.
५. बोलावलेल्या सखीबरोबर गटातल्या दोघींनी जायचं.

पाचव्या मुद्द्याला कुठलंही कलम नाही. तो तुम्ही आजच्या सभेत ठराव करून लिहायचा आहे. मघाशी मागे अर्धा हात वर करणाऱ्या ताई, सूचक म्हणून तुमचं नाव घालू का?